बुढापारा ते तात्यापारा

रायपूरच्या जुन्या भागात वस्तीला ‘पारा’ म्हणतात. पुण्याची पेठ किंवा कोकणातील आळी, तसा हा पारा. मराठी माणसाला मात्र हा शब्द ऐकताच वडापिंपळाभोवतीचा दगडी पार आठवतो. दोन्ही शब्द वेगळे. पण बुढापाऱ्यात पाऊल टाकल्यावर ही गफलत फारशी खटकत नाही. जयस्तंभ चौकातील वाहनांचा गलबला मालवीय मार्गाने कोतवालीपर्यंत पाठ सोडत नाही. पुढे बुढा तलावाच्या काठची झाडे दिसू लागली, की तो हळूहळू मागे पडतो.

तलावाचे आजचे नाव विवेकानंद सरोवर. तलावातील बेटावर विवेकानंदांचा भव्य पुतळा आहे. लोकांच्या तोंडी मात्र अजूनही ‘बुढा तलाव’च. १८७७ साली चौदा वर्षांचा नरेंद्र वडील विश्वनाथ दत्त यांच्या वकिलीच्या कामामुळे कुटुंबासह रायपुरात आला. तेव्हा येथे रेल्वे पोहोचली नव्हती. अरण्यातून बैलगाडीने प्रवास करावा लागला. सुमारे दोन वर्षांच्या मुक्कामात वडील आणि त्यांचे स्नेही यांच्यातील चर्चा हीच त्याची शाळा झाली. दत्त कुटुंब बुढापाऱ्यातील डे यांच्या घरी राहत असे, असे सांगतात. याच डे कुटुंबातील हरिनाथ तेव्हा तान्हा होता. रायपुरात शिकलेला हा मुलगा पुढे चौतीस भाषांचा जाणकार म्हणून ओळखला गेला आणि कलकत्त्याच्या इंपीरियल लायब्ररीचा पहिला भारतीय ग्रंथपाल झाला. बंगाली घर, हिंदी शाळासोबती, छत्तीसगढी बाजार आणि शेजारी मराठी वाडे. कानांवर भाषा पडण्यास याहून चांगली जागा कोणती असणार!

हे मराठी वाडे पाहायचे तर ब्राह्मणपाऱ्याच्या अरुंद गल्ल्यांतून तात्यापाऱ्याकडे वळावे लागते. १७४१ साली भास्करपंत कोल्हटकर नागपूरकर भोसल्यांची फौज घेऊन छत्तीसगढात उतरले. पुढे बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले, तेव्हा मराठी भाषा व मोडी लिपी या प्रदेशाच्या दप्तरात आली. १८५४ साली भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. राज्य गेले, तरी कारकून, पुरोहित, शिक्षक यांची घरे येथेच रुजली.

तात्यापाऱ्यात घर असलेले माधवराव सप्रे हे या रुजण्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. मातृभाषा मराठी, पण लेखणी वाहिली ती हिंदीला. १९०० साली त्यांनी पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले. पुढे नागपुरातून ‘हिंदी केसरी’ चालविला. त्यातील लेखांसाठी १९०८ साली त्यांना राजद्रोहाखाली अटक झाली. कुटुंबीयांच्या आग्रहामुळे त्यांनी माफीनामा लिहून दिला व त्यांची सुटका झाली. ही सुटका त्यांना कैदेहून जड गेली. त्यांनी रामदासी वृत्ती पत्करली, माधुकरी मागितली आणि दासबोधाची पारायणे केली. त्यातूनच दासबोधाचा हिंदी अनुवाद झाला. लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’चा त्यांनी केलेला हिंदी अनुवाद १९१६ साली प्रसिद्ध झाला. मनस्ताप अनेकांच्या वाट्याला येतो. त्याची अशी परतफेड करणारे थोडे. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरातच त्यांचे निधन झाले. बुढा तलावाजवळची शाळा त्यांचे नाव चालविते.

या पाऱ्यांचे रूप आता पालटत आहे. तलावांचे शहर म्हणून रायपूरची ख्याती होती; पण राजबंधा तलाव बुजून त्याचे मैदान झाले, नावापुरता ‘बंधा’ उरला. तात्यापारा ते शारदा चौक या रस्त्याच्या रुंदीकरणाचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजत राहिला. रस्ता अरुंद आहे हे खरे, आणि तो रुंद करायचा तर जुनी घरे हटवावी लागतात हेही खरे.

अशा एखाद्या घराच्या दारावर सकाळी भाजीवाली येते. आजी तिच्याशी छत्तीसगढीत घासाघीस करते, आत वळून सुनेला मराठीत भाजी निवडायला सांगते आणि नातवाला हिंदीत अभ्यासाला बसवते. नातवाला मराठी बोललेले कळते, पण मराठी पुस्तक त्याच्या हाती क्वचितच येते. दासबोध वाचायचे त्याच्या मनात आले, तर त्याच्या हाती प्रथम येईल ते कदाचित सप्रे यांचे हिंदी पुस्तकच.