न कापणारा, न जाळणारा लेसर

रात्री खोलीतला दिवा मालवा आणि पेटलेल्या टॉर्चच्या काचेवर बोटे घट्ट मिटून धरा. बोटांच्या कडा लालबुंद दिसतील. टॉर्चच्या पांढऱ्या प्रकाशात सगळेच रंग असतात. मग लालच तेवढा बाहेर कसा आला? निळा व हिरवा प्रकाश रक्तातील हिमोग्लोबिन मोठ्या प्रमाणात शोषून घेते. लाल प्रकाश त्या मानाने कमी शोषला जातो आणि मांसातून विखुरत पलीकडे पोचतो. लाल रंगापलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरणही असेच आत शिरतात.

या गोष्टीचा वैद्यकात काय उपयोग? अपघातात खालचा जबडा मोडला, की शल्यविशारद तुटलेले भाग जुळवून टिटॅनियमच्या छोट्या पट्ट्या व स्क्रू यांनी ते पक्के करतात. हाड सांधायला काही आठवडे लागतात. या हाडातील एका बारीक नलिकेतून एक मज्जातंतू जातो. खालच्या ओठाची व हनुवटीची संवेदना तोच वाहून नेतो. त्याला इजा झाली तर ओठ बधिर होतो. चहा हनुवटीवर ओघळला तरी कळत नाही! हाड आणि मज्जातंतू लवकर बरे व्हावेत म्हणून काही ठिकाणी सौम्य लेसरचा प्रयोग केला जातो.

ही कल्पना एका अनपेक्षित निरीक्षणातून निघाली. १९६० साली थिओडोर मेमन यांनी माणकाच्या स्फटिकापासून पहिला लेसर बनवला. लेसरने कर्करोग होतो का, हे पाहण्यासाठी १९६७ साली बुडापेस्टमध्ये एन्द्रे मेस्टर यांनी उंदरांच्या पाठीवरचे केस काढून तेथे सौम्य लेसर सोडला. कर्करोग झाला नाही. उलट त्या उंदरांचे केस लवकर उगवले!

हा परिणाम उष्णतेचा असेल काय? हिशेब करा. १०० मिलिवॅटचा किरण ४० सेकंद सोडला तर ऊर्जा होते ४ ज्यूल. एवढ्याने एक ग्रॅम पाणीसुद्धा पुरते एक अंश सेल्सिअस तापत नाही. म्हणून शास्त्रज्ञांचा तर्क असा, की पेशीतील तंतुकणिकांमधले एक विकर हा प्रकाश शोषते आणि पेशीची ऊर्जानिर्मिती वाढते.

पण थांबा! जबडा लेसरवाचूनही सांधतोच. मग श्रेय कोणाला द्यायचे? यासाठी रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करतात. एका गटाला खरा किरण देतात. दुसऱ्याला यंत्र नुसते टेकवतात. अवरक्त किरण दिसत नाहीत, त्यामुळे आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णाला कळत नाही. तपासणाऱ्यालाही ते सांगत नाहीत. कर्करोगाच्या उपचारांत तोंड येते, ते टाळण्यासाठी सौम्य लेसर उपयोगी पडतो, असे अशा चाचण्यांतून दिसले आहे. मोडलेल्या जबड्याबाबत मात्र चाचण्या थोड्या व लहान असून निष्कर्ष सारखे नाहीत. म्हणून पट्ट्या, मऊ आहार व तोंडाची स्वच्छता हेच आजही मुख्य उपचार आहेत.

आता वर्गात चर्चा करा: मेस्टर यांच्या प्रयोगात लेसर न दिलेल्या उंदरांचेही केस काढणे का आवश्यक होते? मात्र, लेसरचा किरण सौम्य असला तरी त्यात डोळा कधीही घालू नका!