काजळी का चिकटते?

चिमूटभर कोरडी वाळू आरशावर सोडली, तर तिचे कण उसळून इतस्ततः पडतात. कंदिलाच्या काचेवर धरलेली काजळी मात्र कितीही फुंकर घातली तरी हलत नाही. ती काढावयास राख व फडके घेऊन बसावे लागते. दोन्ही घन पदार्थांचेच कण. मग एक उसळतो आणि दुसरा चिकटतो, असे का? शिक्षकांना हा प्रयोग वर्गात पाच मिनिटांत दाखविता येईल.

काजळीत डिंक नसतो. कोणतेही दोन पदार्थ अगदी निकट आले की त्यांच्या रेणूंमध्ये क्षीण आकर्षण उत्पन्न होते. डच शास्त्रज्ञ व्हान डर वाल्स यांच्या नावाने ते ओळखले जाते. वाळूच्या कणावरही ते असतेच, पण कणाच्या वस्तुमानापुढे त्याचे काही चालत नाही. कणाचा व्यास दहापटीने घटला की वस्तुमान हजारपटीने घटते. आकर्षण मात्र दहापटीनेच. आता काजळीचे मूळ मणी सुमारे २० ते ५० नॅनोमीटर व्यासाचे असतात, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग! इतक्या लहान कणाच्या बाबतीत आकर्षणच वरचढ ठरते.

कण आदळला की तो व पृष्ठभाग किंचित दबतात आणि चेंडूप्रमाणे कण मागे फेकला जाऊ लागतो. ही उसळी आकर्षण तोडण्यास पुरली तर तो सुटतो, अन्यथा तेथेच बसतो. दबणे व चिकटणे यांचा एकत्रित हिशेब जॉन्सन, केंडल व रॉबर्ट्स यांनी १९७१ साली मांडला. कण जितका लहान, तितका सुटण्यास लागणारा वेग सामान्यतः अधिक. हवेतील धूळ मोजण्याच्या काही यंत्रांत कण जोराच्या झोताने पट्टीवर आदळवितात. तेथे ते उसळून निसटू नयेत म्हणून पट्टीस ग्रीस फासावे लागते. स्वयंपाकघरातील धुराला असा वेग कोठला? त्याचा कण ज्यास स्पर्श करील त्यास चिकटतो. आढे, तुळया, शिंके काळे होतात ते यामुळेच.

येथे कोणी विचारील की, मग नाकाला लावलेल्या पदरासही तो चिकटत का नाही? चिकटण्यासाठी आधी स्पर्श व्हावा लागतो. पदराच्या धाग्यांतील फटी या कणांच्या मानाने प्रचंड असतात, आणि हलका कण हवेबरोबरच वळून त्यांतून आत शिरतो. पदराने उडती राख अडते, धूर बव्हंशी अडत नाही. पुढे फुप्फुसाच्या सूक्ष्म वायुकोशांत हवा जवळजवळ स्थिर होते, भिंती अगदी जवळ असतात, आणि हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी थरथरणारा कण त्यांवर टेकतो. श्वासनलिकेत बसलेले कण कफाबरोबर बाहेर ढकलले जातात. वायुकोशांत तशी सोय नाही. चुलीपाशी वर्षानुवर्षे बसणाऱ्या स्त्रियांचा जुनाट खोकला व दमछाक, आणि त्यांच्या कडेवरील मुलांचा न्यूमोनिया, यांचा या धुराशी निकट संबंध आहे.

यास्तव धूर गाळण्यापेक्षा तो घराबाहेर काढणे बरे. हैदराबाद येथे डॉ. एस. पी. राजू यांनी धुराडे असलेली चूल तयार केली व १९५३ साली तिची माहिती पुस्तिकेने प्रसिद्ध झाली. अशा चुली पुढे पुष्कळ घरांत बसल्या, परंतु काही ठिकाणी थोड्याच दिवसांत धूर पुन्हा घरात कोंडू लागला व दोष चुलीच्या माथी मारला गेला. वस्तुतः धुराड्याच्या आतल्या बाजूसही काजळी चिकटतेच. काजळीवर काजळी बसून नळी अरुंद होते आणि धुराची ओढ मंदावते. वाऱ्याने हा थर निघत नाही, कारण भिंतीलगत हवा जवळपास निश्चल असते. त्यासाठी लांब काठीस चिंध्या अगर काथ्या बांधून, चूल थंड असताना, नळी वेळोवेळी वरपासून खालपर्यंत घासून काढावी. त्या वेळी नाकातोंडावर फडके अवश्य बांधावे. निघणारे पापुद्रे मोठे असतात, ते फडक्याने अडतात.