लोकप्रिय कथा : वाङ्मयप्रकार की वाचकसंख्या?
(शं. ना. नवरे आणि व. पु. काळे यांच्या कथेच्या निमित्ताने)

फेब्रुवारी २०१७ मध्ये डोंबिवली येथे नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. साहित्यनगरीला पु. भा. भावे यांचे आणि सभामंडपाला शं. ना. नवरे यांचे नाव देण्यात आले होते. दोघेही डोंबिवलीकर, दोघेही प्रामुख्याने कथाकार. नगराने दोघांचा सारखाच मान केला. मराठी समीक्षेने मात्र तसा तो केलेला नाही. गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर ही चार नावे नवकथेच्या कोणत्याही विवेचनात एका दमात येतात. नवरे यांचे नाव मात्र 'लोकप्रिय कथाकार' या शीर्षकाखाली, अनेक नावांच्या ओळीत आणि बहुधा स्वल्पविरामांच्या मधोमध येते.

हा भेद गुणवत्तेचा आहे असे गृहीत धरले जाते. तसा तो असेलही. पण तो सिद्ध केलेला नाही. भावे यांची कथा काही थोड्या जाणकारांपुरती नव्हती. तिची आवेशपूर्ण, अलंकारप्रचुर शैली सामान्य वाचकालाही खेचून घेणारी होती. तरीही ते 'लोकप्रिय' या कप्प्यात गेले नाहीत, कारण 'नवकथा' ही संज्ञा त्यांच्यासाठी आधीच उपलब्ध होती. म्हणजे 'लोकप्रिय' ही संज्ञा वाचकांच्या संख्येवरूनही ठरत नाही आणि कथेच्या रचनेवरूनही ठरत नाही. ज्या कथेसाठी समीक्षेजवळ दुसरे नाव नाही तिला ते दिले जाते. अशा संज्ञेवर पदव्युत्तर वर्गांतील प्रश्नपत्रिका आणि प्रबंधांची प्रकरणे उभी असावीत, ही बाब गंभीरपणे घेण्याजोगी आहे.

या स्थितीची मुळे मराठी कथासमीक्षेच्या घडणीत आहेत. ना. सी. फडके यांनी 'प्रतिभासाधन' (१९३१) या ग्रंथात लघुकथेचे तंत्र सांगितले. आरंभ, गुंतागुंत, उत्कर्षबिंदू, शेवटची कलाटणी ही परिभाषा पुढे दीर्घकाळ वर्गावर्गांतून शिकवली गेली. १९४५ च्या सुमारास नवकथा आली ती या तंत्राला नकार देत, आणि तिच्या समर्थनार्थ जी समीक्षा उभी राहिली तिने निकषही त्या नकारातूनच घडविले. संज्ञाप्रवाह, प्रतिमांची योजना, काळाची मोडतोड, मनाच्या तळाचा शोध या निकषांनी गाडगीळांची कथा उलगडते, यात शंका नाही. परंतु हे निकष एका विशिष्ट वादाची हत्यारे आहेत, हे पुढच्या पिढीच्या समीक्षकांना विसरायला झाले. तीच हत्यारे घेऊन नवरे किंवा काळे यांच्या कथेकडे गेल्यास हाती येते ते फक्त 'काय नाही' याची यादी.

भालचंद्र नेमाडे यांचा आक्षेप यापेक्षा मूलगामी आहे. 'टीकास्वयंवर' (१९९०) मधील त्यांच्या लेखनाचा रोख कथा या प्रकारावरच आहे. नियतकालिकांच्या गरजेतून फोफावलेला आणि व्यापक जीवनदर्शन पेलू न शकणारा प्रकार म्हणून ते तिला कादंबरीच्या तुलनेत कमी लेखतात. या निवाड्याशी सहमत होणे कठीण आहे. मासिकाच्या पानांनी माडगूळकरांची माणसे लहान झाली नाहीत. मात्र आक्षेपात दडलेले निरीक्षण मोलाचे आहे. प्रकार हा माध्यमाकडून घडविला जातो, हे नेमाडे दोष म्हणून सांगतात. अभ्यासकाने ते वर्णन म्हणून घ्यावे. मग विचारायचा प्रश्न बदलतो. अमुक कथा कोणत्या माध्यमासाठी, कोणत्या वाचनप्रसंगासाठी रचली गेली, आणि त्या प्रसंगाच्या खुणा तिच्या रचनेत कोठे दिसतात?

या प्रश्नाने पाहिले की 'लोकप्रिय' या एका नावाखाली कोंबलेले दोन कथाकार एकमेकांपासून दूर सरकतात.

व. पु. काळे (१९३२–२००१) हे मुंबई महानगरपालिकेत वास्तुविशारद होते, आणि महाराष्ट्रभर त्यांनी कथाकथनाचे कार्यक्रम केले. त्यांची कथा कानासाठी रचलेली आहे. निवेदक बहुधा 'मी' असतो आणि समोरच्याशी बोलत असतो. विधान मांडून तो क्षणभर थांबतो. ही जागा श्रोत्याच्या हशाची किंवा नि:श्वासाची असते. छापील पानावर हीच जागा सुभाषितवजा वाक्याने भरलेली दिसते, आणि समीक्षकाला ती कृत्रिम वाटते. अशी वाक्ये कथेतून सुटी होऊ शकतात. 'वपुर्झा' हे पुस्तक या सुटेपणावरच उभे आहे. ते कोणत्याही पानापासून वाचावे अशीच त्याची रचना आहे. केशवसुतांच्या 'झपूर्झा'ची आठवण देणारे शीर्षक एका सुट्या वाक्यांच्या संचाला लाभावे, यातील गंमत बाजूला ठेवली तरी येथे एक नवा गद्यप्रकार जन्माला येतो, ही नोंद घ्यावीच लागते. त्याची किंमतही आहे. 'पार्टनर'मध्ये मुंबईतील जागेची टंचाई नात्यांवर जो ताण आणते तो खरा आहे. पण तो पूर्ण ताणला जाण्याआधीच एखादे चमकदार वाक्य येते आणि वाचकाला मोकळे करते. काळे यांच्या लेखनाची मर्यादा दाखवायची तर ती येथे, त्यांच्या प्रकाराच्या आतून दाखविता येते. त्यासाठी गाडगीळांचे माप लागत नाही.

कथाकथन शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनीही केले. त्यांच्या बाबतीत समीक्षेने ग्रामीण गोष्टीची, कीर्तनाची, पारावरच्या गप्पांची परंपरा आठवली. काळे यांच्या वाट्याला मात्र 'सादरीकरण' हा शब्द आला. बोलीतली गोष्ट ती परंपरा आणि प्रमाणभाषेतली गोष्ट ती करमणूक, हा न्याय तपासून पाहण्यासारखा आहे.

शं. ना. नवरे (१९२७–२०१३) यांची कथा वेगळ्या दिशेला जाते. तिच्यात निवेदक मागे सरतो आणि माणसे बोलतात. वाक्ये आखूड, प्रसंग घरातला, पेच दोन-तीन माणसांत वाटलेला. कथेतून नाटकाकडे जाण्याची वाट येथे आधीच तयार आहे, म्हणून 'सूर राहू दे', 'धुक्यात हरवली वाट' ही नाटके कथाकाराने केलेली मुशाफिरी नसून त्याच्या कथेचाच पुढचा टप्पा ठरतात. काळे यांचे वाक्य कथेतून उचलता येते. नवरे यांचे वाक्य संवादातून उचलले की मरते. नवरे यांच्या माणसांचा चांगुलपणा अनेकदा पेचाला लवकर सोडवतो, हा आक्षेप मान्य करूनही हा रचनाभेद उरतोच.

या कथेचा वाचक कोण, हा प्रश्न डोंबिवली-ठाकुर्लीच्या संदर्भात केवळ समाजशास्त्रीय राहत नाही. गिरगाव-दादरच्या चाळींतून मध्यमवर्गीय कुटुंबे कल्याणच्या बाजूला सरकली, ती दोन खोल्यांच्या जागेसाठी आणि रोजच्या रेल्वेप्रवासाच्या बदल्यात. ठाकुर्ली हे या पट्ट्यातले धीम्या गाड्यांचे स्थानक. एकेकाळी त्याची ओळख रेल्वेला वीज पुरवणारे, आता बंद असलेले चोळा वीजगृह ही होती. येथून मुंबईचे टोक पन्नासेक किलोमीटर. डब्यात बसायला मिळाले तर एक कथा सुरू होऊन संपावी इतका हा वेळ. नवरे यांच्या कथेची लांबी या प्रवासाने ठरली असे म्हणणे धाडसाचे होईल. पण घर सोडताना अर्धवट राहिलेले बोलणे दिवसभर मनात घोळवणारा आणि संध्याकाळी ते पुरे करण्यासाठी परतणारा माणूस हा या कथेचा विषयही आहे आणि वाचकही. विषय आणि वाचक यांचे हे एकत्व 'रंजनवादी' या विशेषणाने झाकले जाते.

वाचककेंद्री समीक्षेचा आधार येथे घेतला जातो. तो सावधपणे घ्यावा. हान्स रॉबर्ट याउस यांची 'अपेक्षांचे क्षितिज' ही संकल्पना (१९६७) मराठीत वारंवार उद्धृत होते. तिच्या पहिल्या मांडणीत कलाकृतीचे मूल्य ती क्षितिजापासून किती दूर आहे यावर ठरते, आणि अंतर नसलेली कृती याउस रुचकर पदार्थाच्या पंक्तीला बसवतात. म्हणजे लोकप्रिय कथा या सिद्धांतातही आधीच नापास होते. पुढे याउस यांनीच वाचकाच्या तादात्म्याचे प्रकार वेगळे काढले. नायकाविषयीचे कौतुक, त्याच्याविषयीची सहानुभूती आणि त्याच्याकडे उपरोधाने पाहणे हे त्यांपैकी आहेत. नवरे यांच्या कथेसाठी उपयोग आहे तो या उत्तरकालीन मांडणीचा. नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांची गूढकथा किंवा सुहास शिरवळकर यांची कादंबरी यांना तर तीही पुरणार नाही. तेथे संकेतांचे पालन आणि संकेतभंग यांचाच हिशेब मांडावा लागेल. तो स्वतंत्र निबंधाचा विषय आहे.

या सर्व विवेचनाची एक व्यावहारिक अडचण आहे. काळे यांच्या एकाच कथेच्या निदान तीन संहिता संभवतात : नियतकालिकातील, संग्रहातील आणि सांगितलेली. तिसरी ध्वनिफितीवर असते, आणि ध्वनिफीत टिकत नाही. नवरे यांच्या कथा ज्या दिवाळी अंकांतून आल्या ते अंक वाचनालयांतून रद्दीत जाणाऱ्या मालात सर्वांत पुढे असतात. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. अशा जुन्या संस्थांच्या कपाटांत शोध घेता येईल. 'अमुक लेखक : जीवन आणि वाङ्मय' या साच्याचा आणखी एक प्रबंध नोंदविण्यापूर्वी एखाद्या विद्यार्थ्याने एकाच कथेची ध्वनिफीत आणि छापील पान शेजारी ठेवून, निवेदक कोठे थांबतो आणि पानावर त्या जागी काय आले आहे, एवढे जरी टिपले, तरी काळे यांच्या कथेविषयी आज जे केवळ मत आहे त्याला पुरावा मिळेल, किंवा ते मत सोडून द्यावे लागेल.