देवराईच्या मातीत जुनं जंगल सापडेल का?

प्रश्न : जुन्या मातीत उरलेल्या डीएनएवरून हजारो वर्षांपूर्वीचं जंगल ओळखता येतं, असं वाचलं. आमच्या भीमाशंकर-आहुपे भागात हे जमेल का?
— एक वाचक, घोडेगाव

उत्तर : पद्धत खरी आहे, आपल्या घाटमाथ्यावर मात्र ती अवघड आहे.

पानं, मुळं, काटक्या तळ्यात कुजतात, तेव्हा त्यांच्या डीएनएचे तुकडे चिखलाच्या बारीक कणांना चिकटून राहतात. गाळ थरावर थर साठतो. नळी खुपसून तो उभाच्या उभा काढायचा, थरांचं वय ठरवायचं आणि सापडलेले तुकडे आजच्या झाडांच्या डीएनएशी ताडून पाहायचे. उत्तर ग्रीनलंडच्या मातीतून सुमारे २० लाख वर्षांपूर्वीच्या बर्च आणि पॉप्लर झाडांचा माग असाच लागला. ते संशोधन २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं.

तिथे थंडीने डीएनए राखला. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात चार महिने पावसाचा मारा आणि पुढे कडक ऊन. ओल, उष्णता आणि जिवाणू मिळून डीएनए लवकर मोडतात. डिंभे, माणिकडोह ही धरणं तर अलीकडची. त्यांच्या गाळात फार मागचा काळ मिळणार नाही.

म्हणून आपल्याकडे मुख्य भिस्त परागकणांवर, कारण त्यांचं कवच चिवट असतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसोबत कास पठारावरच्या हंगामी तळ्याचा गाळ तपासला. परागकण आणि डायटम नावाची सूक्ष्म शैवालं पाहून त्यांनी सुमारे ८ हजार वर्षांतले पावसाचे चढउतार मांडले.

पण परागकण सगळीच झाडं दाखवत नाहीत. भीमाशंकरचं रान अंजनी, जांभूळ आणि पिसा यांचं. त्यातला पिसा दालचिनीच्या कुळातला. या कुळाच्या परागांचं कवच इतकं पातळ, की गाळात ते जवळपास टिकतच नाहीत. उलट गवताचे पराग वाऱ्याबरोबर लांबून येऊन पडतात. म्हणजे नुसत्या परागांवर विसंबलं, तर पिसा भरपूर असलेलं रानही उघडं माळरान वाटू शकतं. नेमकी इथे डीएनएची मदत होईल, तुकडे टिकले असतील तर.

तेव्हा आधी पराग आणि जुन्या वणव्यांची खूण असलेले कोळशाचे कण, जोडीला डीएनए, हाच आपल्याकडचा मार्ग. गावातलं जुनं तळं किंवा टाकं उपसायचं ठरलं, तर आधी एखाद्या संशोधन संस्थेला कळवा. थर एकदा कालवले गेले, की काळाचा क्रम पुन्हा लावता येत नाही.