मोटरच्या पाटीला भिऊ नकोस गं

उन्हाळी धान बांध्यांत उभा, त्यात मोटर जळली, आणि आता नव्या मोटरच्या पाटीवर एचपीऐवजी 'किलोवॅट' बघून तुझी झोप उडाली, होय ना? अगं, रोवणीला दहा बायांचा हिशेब तोंडी करतेस तू. हा तर एकच भागाकार आहे.

बघ, एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. किलोवॅटला हजाराने गुण आणि ७४६ ने भाग. ३.७ किलोवॅट म्हणजे ३,७०० वॅट, भागून येतात ४.९६. झाली पाचची मोटर! तसंच २.२ म्हणजे तीनची, ५.५ म्हणजे साडेसातची. उत्तर थोडं कमी आलं तर घाबरू नकोस, पाटीवरचा आकडा गोल करून छापलेला असतो. खरं सांगू का, ०.७५ किलोवॅट वाचून मी आमच्या घरघंटीला कितीतरी दिवस पाऊण घोड्याची समजत होते. बिचारी चांगली अख्ख्या घोड्याची निघाली!

जपायचं ते साडेसातच्या आकड्याला. पाटीवर ७.५ दिसलं तर पुढे काय लिहिलंय ते आधी वाच. ७.५ किलोवॅट म्हणजे दहा एचपी. आणि २०२४ पासूनची मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांनाच आहे. पाटी नीट न वाचता घेतलीस तर पंचाईत होईल गं.

तुमसरच्या बाजारात कुणी म्हणेल, 'ताई, पाचच्या जागी साडेसातची न्या, पाणी भरपूर.' ऐकू नकोस. महावितरणच्या बिलावर मंजूर भार पाच असेल तर पाचचीच घे. सगळ्यांनीच मोठ्या मोटरी लावल्या की डीपीवर ताण येतो, व्होल्टेज पडतं आणि मोटरी जळतात.

आणखी एक. पंपाच्या मोटरवर लिहिलेली असते ती शाफ्टला मिळणारी ताकद. वीज ती त्याहून जास्त ओढते. ऐंशी टक्के कार्यक्षमता धर, म्हणजे पाचची मोटर पूर्ण भारावर तासाला साडेचार युनिटांच्या वर जाते. मिक्सरवर मात्र ओढणारे वॅट लिहितात, म्हणून ७५० च्या मिक्सरला एक एचपीचा म्हणू नकोस हं.

जाताना बिल घे आणि जुन्या पाटीचा फोटो काढ. चिखल असेल तर कोरड्या फडक्याने पूस, आणि त्याआधी मेन स्विच बंद कर. नुसता स्टार्टर नाही, मेन स्विच. ऐकतेस ना?