आनंदीबाईंची सुट्टी आणि आपली पी.एल.

पी.एल. म्हटली की आपल्याला काय आठवतं? लायब्ररीत खिडकीजवळची जागा धरायची धावपळ, सीनियर्सच्या नोट्सच्या झेरॉक्स, आणि रात्री दोन वाजता ‘हा चॅप्टर ऑप्शनला टाकू या का?’ ही चर्चा. या सुट्टीत मात्र माझ्या हातात ‘आनंदी गोपाळ’ ही श्री. ज. जोशी यांची कादंबरी आली. मी कॉन्व्हेंटवाली, मराठी पुस्तक वाचायला मला वेळच लागतो. पण ते संपलं आणि आनंदीबाई जोशींविषयी आणखी मिळेल ते वाचायची ओढ लागली. त्यांच्या विद्यार्थिदशेबद्दल, विशेषतः सुट्ट्या आणि पदवीची तयारी याबद्दल, थोडंसं इथे लिहिते.

कॉलेजच्या आधीची सुट्टी

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५चा. नवव्या वर्षी लग्न झालं. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. डॉक्टर व्हायचा निश्चय त्या दुःखातून पक्का झाला. एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. कॉलेज सुरू होणार होतं ऑक्टोबरमध्ये. मधले महिने त्या न्यू जर्सीतील रोझेल या गावी श्रीमती कार्पेंटर यांच्या घरी राहिल्या.

या कार्पेंटरबाईंशी ओळख झाली ती पत्रातून! गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी एका मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र अमेरिकेतल्या एका मासिकात छापलं गेलं होतं. दाताच्या डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत कार्पेंटरबाईंनी ते मासिक सहज चाळलं आणि पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. पुढे कॉलेजला सुट्टी लागली की त्यांचं घर म्हणजे रोझेलच. होस्टेलवर राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको की सुट्टीत जायला एक घर असणं म्हणजे काय!

फिलाडेल्फियातले दिवस

कॉलेज होतं पेनसिल्व्हेनियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज. तिथल्या डीन रेचेल बॉडली यांनी तीन वर्षांसाठी सहाशे डॉलर्सची स्कॉलरशिप दिली. पण थंडी भयंकर, खोली नीट ऊब न देणारी आणि आहार शाकाहारी. तब्येत भारतात असतानाच नाजूक होती, ती आणखी ढासळत गेली. शिवाय गोपाळरावांची पत्रं नेहमीच धीर देणारी नसत. कधी टोमणे, कधी संशय. त्यांना उत्तरं लिहायची ती मराठीत आणि परीक्षा द्यायची ती इंग्रजीत. मला एका भाषेतून दुसरीत जाताना आजही धाप लागते!

ऑक्टोबर १८८५ मधला एक फोटो प्रसिद्ध आहे. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. आनंदीबाई तेव्हा वीस वर्षांच्या. म्हणजे आज मी आहे तेवढ्या.

प्रबंध

पदवीसाठी प्रबंध लिहावा लागे. आनंदीबाईंनी विषय घेतला ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’. अमेरिकेत शिकलेल्या विषयावर अमेरिकन पुस्तकांतून चार गोष्टी उतरवून काढणं सोपं होतं. त्यांनी तिथली वैद्यकाची पुस्तकं वापरलीच, पण जोडीला आयुर्वेदाचे ग्रंथही घेतले. त्यातल्या प्रत्येक मताशी आज आपण सहमत होऊ असं नाही. पण जिचं स्वतःचं बाळ दहा दिवसांत गेलं, तिने पदवीसाठी बाळंतपण हाच विषय निवडावा, हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले.

११ मार्च १८८६ रोजी पदवीदान झालं. गोपाळराव १८८५ मध्येच अमेरिकेत आले होते. पंडिता रमाबाई तर या समारंभासाठी इंग्लंडहून आल्या. एकविसावा वाढदिवस वीस दिवसांवर होता. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये त्यांची नेमणूकही झाली, पण ते काम करणं नशिबात नव्हतं. क्षयाने खंगलेल्या आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात गेल्या. त्यांची रक्षा कार्पेंटरमावशींकडे पाठवली गेली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांचं स्मारक आहे.

आणि आपण?

आता खरं सांगते. आमच्या चौघींच्या ग्रुपने फायनल इयरचा प्रोजेक्ट तयार विकत घ्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. मॉडेल, रिपोर्ट, व्हायवाचे प्रश्न, सगळं एका पॅकेजमध्ये. माझ्या वाट्याचे पैसे मी बाजूला काढूनही ठेवले होते.

माझ्या आजोळी विहिरीवरची मोटर उन्हाळ्यात हमखास जळते. व्होल्टेज पडलं की तेवढंच पाणी खेचायला मोटर जास्त करंट ओढते, वायंडिंग तापतं, इन्सुलेशन जातं. मशीन्सच्या पेपरात हे मी लिहिलंय आणि त्याला मार्कही मिळालेत. दरवर्षी मामा रिवायंडिंगला पैसे मोजतो आणि मी, इलेक्ट्रिकलची भाची, शेजारी उभी राहून बघते! हा विषय माझा आहे हे मला कधी सुचलंच नव्हतं.

पैसे मी परत पाकिटात ठेवले आणि सुट्टीतच मैत्रिणींना फोन केला. एक लगेच तयार झाली. दुसरी म्हणाली, ‘मार्क कमी पडले तर तू बघ हं!’ तिसरी अजून रागावली आहे. मार्क किती पडतील ते मलाही माहीत नाही. या मे महिन्यात मामाच्या विहिरीवर दिवसातून चार वेळा व्होल्टेज आणि करंट मोजून वहीत लिहायचं, एवढं मात्र ठरलंय.

मित्रमैत्रिणींनो, तुमच्या घरी दरवर्षी काय जळतं, काय बंद पडतं? या सुट्टीत जरा बघून या.