मियाजिमा बेटावर जाताना बॅगेत काय, आणि खर्च किती

हिरोशिमाजवळचं मियाजिमा बेट जपानच्या बऱ्याच सहलींत असतं. भरतीच्या पाण्यात उभं असलेलं तिथल्या मंदिराचं केशरी महाद्वार तुम्ही फोटोत पाहिलं असेल. हिरोशिमाहून लोकलचे 420 येन, पुढे बोटीचे 200, तेवढेच परतीचे, आणि 2023 पासून बेटावर येणाऱ्या पाहुण्याला लागणारा 100 येन कर. सगळे मिळून 1340 येन. शंभर येनला 55 ते 60 रुपये धरले, तर माणशी साडेसातशे-आठशे रुपयांत बेट होतं. जास्तीचा पैसा जातो तो बॅगेपायी.

परदेशी विमानात बहुधा 23 किलोची एक बॅग तरी चालते, देशांतर्गत विमानात सहसा 15 किलोच. गारगोटीहून कोल्हापूर गाठून तिथून मुंबईचं विमान वेगळ्या तिकिटावर धरलंत, तर वरच्या प्रत्येक किलोचे पैसे मोजावे लागतात. सामान जास्तच असेल तर महालक्ष्मी एक्सप्रेस बरी. तरी माझा सल्ला एकच, माणशी 15 किलोच्या वर जाऊ नका. हिरोशिमाकडे जाणाऱ्या बुलेट ट्रेनमध्ये लांबी, रुंदी आणि उंची मिळून 160 सेंटिमीटरपेक्षा मोठ्या बॅगेसाठी ठराविक जागा आधी राखून ठेवावी लागते. नाही ठेवली तर 1000 येन भरावे लागतात. नवी बॅग घेताना चाकं आणि मूठ धरून दुकानातच टेप लावा. बेटावर मोठी बॅग नेऊच नका. ती स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवा, नाहीतर हॉटेलातूनच पुढच्या शहरात पाठवा. त्याला साधारण दोन-तीन हजार येन पडतात.

कपड्यांचे चार जोड पुष्कळ झाले. बऱ्याच हॉटेलांत नाणी टाकून चालणारं धुलाई यंत्र असतं आणि काहीशे येनांत धुऊन-वाळवून मिळतं. चेरीच्या फुलांसाठी मार्चअखेर किंवा लाल पानांसाठी नोव्हेंबरात जाणार असाल, तर सकाळी दहा अंशांच्या आसपास गारठा असतो. आत घालायचा थर्मलचा एक जोड आणि वारा अडवणारं जाकीट घ्या. जून ते जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा. छत्री इथून नेली नाही तरी चालेल, तिथे दुकानात पाचशे-आठशे येनांत मिळते. बूट मात्र इथूनच न्या आणि ते आधी महिनाभर वापरा. ओहोटीला महाद्वारापर्यंत चालत जाता येतं, पण वाळू ओली असते, म्हणून मोज्यांचा जादा जोड पिशवीत हवा. भरती-ओहोटीच्या वेळा आदल्या रात्री बघून ठेवा.

खाण्याच्या बाबतीत काटेकोर राहा. मटण-चिकनचा कोणताही पदार्थ, अगदी लोणचंसुद्धा, जपानमध्ये नेता येत नाही. आंबे, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, लिंबंही घेऊ नका. मांसाच्या बाबतीत कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 30 लाख येनांपर्यंत दंड आहे. रुपयांत तो साडेसोळा ते अठरा लाखांच्या घरात जातो. शाकाहारी माणसाने थोडी शिदोरी न्यावीच, कारण तिथल्या सुपात, नूडल्सच्या रश्शात माशाचा अर्क असतो. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, कांदा-लसूण मसाला, झटपट पोहे-उपीट असं कंपनीच्या बंद पाकिटातलं न्या. त्यावर घटक छापलेले असतात, तपासणीत दाखवता येतात. पाणी उकळायची किटली बहुतेक हॉटेलांत असते. घरची नेऊ नका, तिथे वीज 100 व्होल्टची. मोबाइलचा चार्जर चालतो, पण दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर लागतो. तो इथे शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. पॉवर बँक हातातल्या पिशवीतच ठेवा.

रोजची औषधं महिन्याभरापुरती, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं आणि ते दहा टक्क्यांहून अधिक असेल तर जपानमध्ये बंदी आहे. निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

छोटा टॉवेल आणि कचऱ्यासाठी एक पिशवी लागतेच; अनेक स्वच्छतागृहांत हात पुसायला काही नसतं आणि रस्त्यावर कचरापेट्याही फारशा दिसत नाहीत. बेटावर हरणं मोकळी फिरतात आणि कागद दिसला की तोंड घालतात. तिकिटं, नकाशा, पासपोर्ट बाहेरच्या खिशात ठेवू नका, चेनच्या कप्प्यात ठेवा.